निर्दोष अहवालाचा दोष

नागपूरच्या गांधीबागेत विदर्भाचे दोन मोठे ठोक बाजार एकमेकांना खेटून आहेत, एक कापडाचा आणि दुसरा औषधांचा. डागा स्मृती स्त्री रुग्णालय याच वस्तीत आहे आणि मेयो रुग्णालय तिथून फारसे लांब नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि पलीकडे बालाघाट-छिंदवाड्याहून आईबाप लेकरू कडेवर घेऊन या भागात येतात. त्यांची तक्रार बहुधा एकाच वाक्यात मावते: खाते-पिते, पण अंगी लागत नाही. मूल दोन वर्षांचे होऊनही धड उभे राहत नाही, पायांना बाक आला आहे, सारखी तहान लागते, रात्री चार वेळा लघवी होते आणि मधूनच उलट्या होतात. तपासण्या झालेल्या असतात आणि कागदावर शेरा असतो की किडनीचे अहवाल नॉर्मल आहेत. हा शेरा ज्या समजुतीवर उभा आहे, तिचे खंडन मला करायचे आहे. कारण ती समजूत मुलांची उंची घटवते, हाडे वाकवते आणि कधी जीवही घेते.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. मूत्रपिंडाचे काम रक्त गाळण्याचे आहे. ते नीट होते की नाही, हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून कळते, म्हणून क्रिएटिनिन मर्यादेत असेल तर मूत्रपिंडाचा विचार बाजूला ठेवावा. मूल खुरटले असेल तर आहार पाहावा, जंत पाहावेत, क्षयरोग पाहावा. पाय वाकले असतील तर तो मुडदूस, म्हणून ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम द्यावे. मूत्रनलिकांचे आजार दुर्मीळ असतात, त्यांच्या तपासण्या महाग असतात आणि उपचार मुंबई-दिल्लीतच होतात, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचा विचार करणे वेळेचा अपव्यय आहे.

यात तथ्य नाही असे नाही. आपल्याकडे मूल न वाढण्याचे पहिले कारण आजही भूक आणि वारंवारचे संसर्ग हेच आहे. मेळघाटाचे दुःख साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. नेहमीचे कारण आधी शोधावे हा वैद्यकातला शहाणपणाचा नियम आहे. माझा आक्षेप त्या नियमावर नाही. नेहमीचे कारण शोधून, त्यावर उपचार करूनही मूल सुधारत नाही तेव्हा पूर्वपक्ष थांबतो, आणि थांबण्यासाठी क्रिएटिनिनचा आधार घेतो. तो आधार खोटा आहे.

मूत्रपिंडात दोन वेगळी कामे चालतात. पहिले गाळण्याचे. प्रौढ माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले दोनेक लिटरच मूत्र म्हणून बाहेर पडते. उरलेले सारे नलिका परत घेतात आणि परत घेताना काय ठेवायचे, काय टाकायचे हे ठरवतात. हे दुसरे काम. रक्तातली आम्लता सावरून धरणारे बायकार्बोनेट या १८० लिटरांबरोबर रोज सुमारे ४३०० मिलिमोल इतके गाळले जाते. खाण्याच्या सोड्याच्या हिशेबात ते साडेतीनशे ग्रॅमच्या वर जाते. त्यातला ८० ते ९० टक्के भाग नलिकेचा सुरुवातीचा तुकडा परत घेतो. आहारातून आणि पेशींच्या कामातून प्रौढात दर किलो वजनामागे रोज सुमारे एक मिलिइक्विव्हॅलंट आम्ल तयार होते, वाढत्या मुलात त्याहून जास्त. ते बाहेर टाकण्याचे काम शेवटच्या तुकड्याचे असते. निरोगी मूत्रपिंड मूत्राचा पीएच साडेचारपर्यंत खाली नेऊ शकते, म्हणजे रक्ताच्या तुलनेत मूत्रातली आम्लता सुमारे आठशेपट करते.

क्रिएटिनिन यातले फक्त पहिले काम मोजते. गांधीबागेतल्या कोणत्याही व्यापाऱ्याला हे सांगावे लागणार नाही की दिवसभरात गिऱ्हाइकी किती झाली यावरून रात्री गल्ल्यात काय उरले ते कळत नाही. गाळण्याचा वेग उत्तम असून नलिका रोज बायकार्बोनेट घालवत असतील किंवा आम्ल आतच ठेवत असतील, तर क्रिएटिनिन बिनचूक येईल आणि रक्त मात्र आम्लाकडे झुकत जाईल. याच अवस्थेला रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस म्हणतात. या आजारात क्रिएटिनिन सुरुवातीला नॉर्मलच असते. म्हणून ज्या आकड्याच्या आधारे आपण हा आजार नाकारतो, तो आकडा या आजाराबद्दल काहीच सांगत नाही.

शेवटचा तुकडा बिघडला की पुढची साखळी निष्ठुर असते. साचलेले आम्ल शमवण्यासाठी शरीर हाडांतले क्षार खर्ची घालते. हाडे मऊ होतात आणि सुटलेले कॅल्शियम मूत्रात उतरते. मूत्रातले सायट्रेट एरवी कॅल्शियमला विरघळलेले ठेवते. आम्लतेमुळे नलिका तेही परत ओढून घेतात. मूत्र पुरेसे आम्ल होत नाही, त्यात कॅल्शियम भरपूर आणि सायट्रेट कमी, त्यामुळे कॅल्शियम फॉस्फेट मूत्रपिंडाच्या गाभ्यातच साचू लागते. सोबत पोटॅशियम वाहून जाते आणि स्नायू गळतात. लंडनच्या लाइटवूड यांनी १९३५ मध्ये तान्ह्या मुलांच्या मूत्रपिंडातला हा चुना नोंदवला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बटलर, विल्सन आणि फार्बर यांनी त्याच्याबरोबर येणारी आम्लता आणि शोष दाखवला. १९४६ मध्ये फुलर ऑल्ब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडांच्या मऊपणाशी त्याचा संबंध जोडला. म्हणजे हे ज्ञान कालचे नाही.

आता मुडदुसाचा मुद्दा. पूर्वपक्ष म्हणतो, रक्तात ड जीवनसत्त्व कमी सापडले, म्हणजे कारण सापडले. इथे तर्काची चूक आहे. भारतात ड जीवनसत्त्वाची पातळी इतक्या जणांमध्ये कमी असते की ती कोणत्याही आजारी मुलातही सापडेल. कमतरता आहे हे खरे. हाडे तिच्यामुळेच वाकली, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ते सिद्ध करण्याचा मार्ग उपचारातूनच जातो. ड जीवनसत्त्व योग्य मात्रेत दिल्यावर साध्या मुडदुसात तीन-चार आठवड्यांत मनगटाच्या क्ष-किरण चित्रात हाड भरून येत असल्याची पांढरी रेषा दिसते. ती दिसली नाही तर निदानाचा फेरविचार करायला हवा. प्रत्यक्षात सहा लाख युनिटांचे इंजेक्शन पुन्हा दिले जाते, मग आणखी एकदा, वर कॅल्शियमचे सिरप सुरूच. ज्या मुलाच्या मूत्रातून आधीच कॅल्शियम वाहत आहे आणि ज्याच्या मूत्रपिंडात चुना साचत आहे, त्याच्या बाबतीत अशी मात्रेवर मात्रा घातक ठरते. चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडनेही हाडे वाकतात, हे आपण अनुभवाने शिकलो आहोत. पाण्याकडे पाहायला शिकलो, तसेच रक्तातल्या आम्लतेकडे पाहायलाही शिकले पाहिजे.

विदर्भासाठी या चर्चेला आणखी एक बाजू आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल गुणधर्माची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हापासून हा प्रदेश सिकलसेलच्या नकाशावर ठळक आहे. मूत्रपिंडाच्या गाभ्यात ऑक्सिजन कमी असतो आणि क्षारांचे प्रमाण फार जास्त असते. लाल पेशी विळ्यासारखी वाकायला याहून पोषक जागा शरीरात नाही. त्यामुळे तिथल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि नलिकांची इजा लहानपणीच सुरू होते. मूत्र घट्ट करता येत नाही, म्हणून ही मुले भरपूर लघवी करतात आणि मोठ्या वयापर्यंत अंथरूण ओले करतात. घरी त्यांना रागावले जाते, पण दोष सवयीचा नसतो. आम्ल बाहेर टाकण्याची शक्तीही त्यांच्यात कमी होते. बहुधा हा दोष अपुऱ्या स्वरूपात राहतो; एरवी रक्त सावरलेले असते आणि ताप, जुलाब किंवा शोष आला की तोल जातो. काहींमध्ये पोटॅशियम बाहेर टाकण्याचे कामही मंदावते. आणि रक्त आम्ल झाले की पेशी वाकण्याला आणखी जोर येतो, हे विसरून चालणार नाही.

याच मुलांमध्ये क्रिएटिनिन सर्वांत जास्त फसवते. सिकलसेलमध्ये बालवयात गाळण्याचा वेग सामान्यापेक्षा वाढलेला असतो आणि नलिका स्वतःही जास्त क्रिएटिनिन मूत्रात टाकतात. दोन्हींमुळे अहवालातला आकडा नेहमीपेक्षा खाली दिसतो. इजा चालू असताना कागद सर्वांत निर्दोष दिसतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली आणि तपासणीचे काम गावोगाव पोचू लागले. ज्या मुलाच्या हाती सिकलसेलचे कार्ड पडते, त्याच्या मूत्रपिंडाची विचारपूस क्रिएटिनिनवर संपवणे विदर्भाला परवडणारे नाही.

मोठ्या माणसांतही हीच चूक निराळ्या रूपांत दिसते. सकाळी जाग आली तेव्हा हातपाय उचलेनात, म्हणून एखाद्या बाईला लकवा झाला समजून आणले जाते. पोटॅशियम कमी निघते, सलाईनमधून ते दिले जाते आणि दोन दिवसांत ती चालत घरी जाते. काही महिन्यांनी पुन्हा तेच. पोटॅशियम का घटले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारला असता, तर तोंड आणि डोळे कोरडे पडतात का हेही विचारले गेले असते. कारण श्योग्रेन आजारात लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींबरोबर मूत्रनलिकांवरही हल्ला होतो आणि आम्ल टाकण्याचे काम बंद पडते. दुसरे रूप मुतखड्याचे. आपल्या उन्हाळ्यात खडे नवीन नाहीत आणि दोष बोअरच्या पाण्यावर ढकलून मोकळे होता येते. पण कमी वयात, दोन्ही बाजूंना, पुन्हा पुन्हा खडे होत असतील आणि सोनोग्राफीत मूत्रपिंडाचा गाभाच पांढरा दिसत असेल, तर रक्तातले बायकार्बोनेट पाहिल्याशिवाय त्या माणसाला घरी पाठवू नये.

पूर्वपक्षाचा शेवटचा बुरूज खर्चाचा आणि सोयीचा. तोही टिकत नाही. निदानाची पहिली पायरी जिल्हा रुग्णालयात चढता येते. रक्तातले सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेट हवे. पीएच आणि बायकार्बोनेटसाठी शिरेतले रक्त पुरते, धमनी टोचण्याची गरज नसते. नमुना मात्र हवाबंद आणि ताजा असावा, नाहीतर आकडा चुकतो. मग एक वजाबाकी करायची: सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेटची बेरीज वजा करावी. सोडियम १३८, क्लोराइड ११४ आणि बायकार्बोनेट १४ असेल, तर उत्तर १० येते. ८ ते १२ हे सामान्य उत्तर आहे. बायकार्बोनेट इतके खाली असूनही उत्तर सामान्य आले, याचा अर्थ रक्तात वेगळे नवे आम्ल साचलेले नाही. बायकार्बोनेट हरवले आहे आणि त्याची जागा क्लोराइडने घेतली आहे. ते हरवण्याच्या वाटा मुख्यतः दोन, आतडे आणि मूत्रपिंड. जुलाब हे त्याचे सर्वांत नेहमीचे कारण, म्हणून आधी जुलाबांची चौकशी करावी.

शंका उरली तर मूत्राकडे वळावे. मूत्रातले सोडियम आणि पोटॅशियम यांच्या बेरजेतून क्लोराइड वजा केले आणि उत्तर ऋण आले, तर मूत्रपिंड अमोनियमच्या रूपाने आम्ल बाहेर टाकत आहे आणि दोष आतड्याकडे आहे. उत्तर धन आले, तर दोष नलिकांकडे बोट दाखवतो. रक्त आम्ल असताना ताज्या मूत्राचा पीएच साडेपाचच्या खाली उतरत नसेल, तर शेवटच्या तुकड्याचा दोष असण्याचा संशय पक्का होतो. मात्र मूल शोषलेले नसावे आणि मूत्रात जंतुसंसर्ग नसावा, कारण काही जंतू मूत्र अल्कलीकडे नेतात. सुरुवातीचा तुकडा बिघडला असेल तर आणखी एक सोपी खूण मिळते: रक्तातली साखर सामान्य असूनही मूत्राच्या पट्टीवर साखर दिसते, आणि रक्तातले फॉस्फेट घटलेले असते. अपुऱ्या स्वरूपातला दोष ओळखण्यासाठी राँग आणि डेव्हिस यांनी १९५९ मध्ये अमोनियम क्लोराइडची चाचणी दिली. ती मोठ्या केंद्रात करावी. पण तिच्यावाचून पहिले निदान अडत नाही. जनुकीय तपासणीही नंतरची गोष्ट आहे. आईबाप नात्यातले असतील, मामाच्या मुलीशी लग्न झाले असेल आणि मुलाला ऐकूही कमी येत असेल, तर ती जरूर करावी आणि श्रवणचाचणी तर ताबडतोब. या आजाराच्या काही जनुकीय प्रकारांत बहिरेपण सोबतच येते.

उपचाराचे म्हणाल, तर तो या साऱ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त भाग आहे. सोडियम बायकार्बोनेटच्या साध्या गोळ्या आणि पोटॅशियम सायट्रेटचे द्रावण, इतकेच बहुतेकांना लागते; सायट्रेटचे यकृतात बायकार्बोनेट होते. शेवटच्या तुकड्याच्या दोषात प्रौढाला दर किलोमागे रोज १ ते २ मिलिइक्विव्हॅलंट अल्कली पुरते, मुलांना त्याहून जास्त लागते. सुरुवातीच्या तुकड्याच्या दोषात ती मात्रा १० ते १५ पर्यंत जाते, कारण दिलेले बरेचसे मूत्रातून निघून जाते. मात्रा दिवसातून तीन-चार वेळा विभागून, रक्त तपासत ठरवायची असते. खडे आणि पोटॅशियमची घट असेल तिथे पोटॅशियम सायट्रेट सरस, कारण सोडियममुळे मूत्रातले कॅल्शियम वाढते.

मात्र दोन इशारे जिवाचे आहेत. पोटॅशियम फार घटले असेल तर आधी ते भरून काढावे आणि मग बायकार्बोनेट द्यावे. क्रम उलटला तर बायकार्बोनेट पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलते आणि श्वासाचे स्नायूही थांबू शकतात. दुसरा इशारा नलिकांच्या या आजाराच्या चौथ्या प्रकाराबद्दल. मधुमेही माणसात, किंवा रक्तदाबाच्या काही औषधांमुळे, पोटॅशियम वाढलेले असते. तिथे पोटॅशियम सायट्रेट किंवा शहाळ्याचे पाणी हेच विष ठरू शकते. म्हणून हा उपचार स्वस्त असला तरी घरगुती नाही. शरीर अल्कलीयुक्त करण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पाण्याशीही त्याचा संबंध नाही. निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच त्याची फुप्फुसे आणि मूत्रपिंडे ७.३५ ते ७.४५ मध्ये राखतात. त्याला बाटलीची गरज पडत नाही.

एक आक्षेप उरतो: रोज, जन्मभर औषध घ्यायचे, मग फायदा किती? एलिझाबेथ मॅकशेरी आणि कर्टिस मॉरिस यांनी १९७८ मध्ये याचे उत्तर दिले. पुरेशी अल्कली सतत दिलेली मुले सामान्य उंची गाठतात आणि टिकवतात. औषधाने इतका स्पष्ट फरक पडणारे वाढीचे आजार फार थोडे आहेत. उलट बाजूही पाहावी. २०१९ मध्ये २९ देशांतल्या ३४० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्याच जणांची आम्लता नीट आटोक्यात होती आणि प्रौढ झालेल्यांपैकी बहुतेकांची गाळण्याची क्षमता कमी झालेली होती. म्हणजे नलिकांचा आजार दुर्लक्षित राहिला की शेवटी गाळणीही खराब होते आणि क्रिएटिनिन वाढते. ते वाढेपर्यंत थांबणे म्हणजे पहिला आजार पाहून न पाहिल्यासारखे करून दुसऱ्याची वाट पाहणे. बरे वाटले म्हणून औषध सोडणेही तसेच, कारण औषधाने दोष नाहीसा होत नाही, त्याची भरपाई होते.

तेव्हा मांडणी अशी उरते. क्रिएटिनिन गाळण्याबद्दल बोलते, नलिकांबद्दल नाही. खुरटलेले मूल आहार सुधारूनही वाढत नसेल, मुडदूस ड जीवनसत्त्वाच्या योग्य मात्रेनंतर भरत नसेल, लकवा परत येत असेल, खडे कमी वयात दोन्हीकडे होत असतील किंवा सिकलसेलचे मूल प्रत्येक जुलाबात गळून पडत असेल, तर बायकार्बोनेट, क्लोराइड, पोटॅशियम आणि ताज्या मूत्राचा पीएच पाहिल्याशिवाय किडनी नॉर्मल हा शेरा लिहू नये. आईबापांनीही तो शेरा मुकाट्याने स्वीकारू नये. डॉक्टरांना विचारावे की बायकार्बोनेट पाहिले का. तपासणी आवाक्यातली आहे, औषध गांधीबागेच्या ठोक बाजारात मिळणाऱ्या सर्वांत साध्या औषधांपैकी आहे, आणि मुलाची उंची एकदा हुकली की मोठेपणी कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.